हिजरी चांद्रवर्ष आणि मराठी कागदपत्रांतील कालनिर्देश

१

मराठ्यांच्या इतिहासातील दोन सुपरिचित घटना प्रथम शेजारी ठेवून पाहू. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार होता. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात वध झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५, सोमवार. पहिली घटना उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीतली, दुसरी पुण्यातील गणेशोत्सवाच्या पावसाळी दिवसांतली. दोहोंमध्ये साडेबारा वर्षांहून अधिक काळ लोटलेला. तथापि हिजरी मासगणनेने पाहिल्यास दोन्ही घटना एकाच महिन्यात, म्हणजे जमादिलाखरात, घडल्या: गणिती कोष्टकांनुसार पहिली त्या महिन्याच्या ७ तारखेस, दुसरी ११ तारखेस. एवढ्यावरच हे साम्य थांबत नाही. पानिपतच्या वेळी हिजरी सन ११७४ चालू होता. आणि नारायणरावांच्या वधाच्या वेळी मराठी दप्तरात जो सन लिहिला जात होता तोही ११७४ च होता. फरक इतकाच की हा दुसरा ११७४ हिजरी नव्हे, शुहूर होय.

महिना एक, आकडा एक, आणि अंतर बारा वर्षांचे! अशा ठिकाणी लेखकाने कोणता सन योजला आहे हे न पाहता कोष्टक उघडणारा अभ्यासक कोठे जाऊन पोचेल, हे सांगावयास नको. हिजरी कालनिर्देशाशी गाठ पडते ती केवळ इतिहाससंशोधकाची नव्हे. अवधीतील सूफी प्रेमाख्याने, दखनीतील मसनव्या, बंगालीतील पुथ्या, मराठीतील बखरी, पत्रे आणि महजर या सर्वांच्या कालनिश्चितीत ही गणना प्रत्यक्षपणे वा तिच्यापासून निघालेल्या एखाद्या सनाच्या रूपाने उभी असते. तिच्यासंबंधी आपल्याकडे एक ढोबळ समज आहे तो असा, की हे वर्ष अकरा दिवसांनी 'चुकते'. प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे ते हे, की हे चुकणे नसून बुद्धिपुरस्सर केलेला त्याग आहे. त्या त्यागाची किंमत ठिकठिकाणच्या महसूलखात्यांना मोजावी लागली. आणि मराठी कागदांतील मिती हा त्या दोन्ही गोष्टींचा एकत्रित परिणाम आहे.

२

अरबी महिन्यांची नावेच प्रथम बोलकी आहेत. 'रमजान' या नावाच्या मुळाशी उष्म्याचा अर्थ आहे. 'रबी' म्हणजे वसंत किंवा पावसानंतरची हिरवळ. 'जुमादा' या शब्दात गोठण्याची वा सुकण्याची छटा आहे. ऋतूंशी संबंध नसलेल्या महिन्यांना अशी नावे पडणार नाहीत. तेव्हा एके काळी तरी हे महिने ऋतूंशी बांधलेले होते, असे अनुमान करावे लागते. मराठी वाचकाला याचा पडताळा घरच्या घरी घेता येईल. आपण ज्याला 'रब्बीचे पीक' म्हणतो त्यातील रब्बी आणि 'रबिलावल', 'रबिलाखर' या महिन्यांतील रबी हा एकच अरबी शब्द आहे. शेतकऱ्याच्या तोंडचा रब्बी हंगाम दर वर्षी आपल्या जागी उभा राहतो. पंचांगातला रबिलावल मात्र सर्व ऋतूंतून हिंडत असतो. एकाच शब्दाची ही दोन दैवे का झाली, हाच खरा प्रश्न आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात 'नसी' नावाची एक प्रथा होती. किनाना कुळातील काही वंशपरंपरागत अधिकारी यात्रेच्या प्रसंगी तिची घोषणा करीत. नसी म्हणजे नेमके काय, याविषयी जुन्या टीकाकारांतच दोन मते आढळतात. एका मतानुसार ते अधिकमासासारखे महिना वाढविणे होते, अल्-बीरूनीने इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या 'अल्-आसार अल्-बाकिया' या कालगणनाविषयक ग्रंथात हे मत मांडले असून अरबांनी ही युक्ती यहुद्यांकडून घेतली असे तो म्हणतो. दुसऱ्या मतानुसार महिना वाढविला जात नसे. ज्या चार महिन्यांत युद्ध निषिद्ध होते त्यांपैकी एखाद्याचे पावित्र्य पुढच्या महिन्यावर ढकलले जाई, एवढेच. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. महिन्याचे स्थान ठरविण्याची सत्ता माणसांच्या, त्यातही एका कुळाच्या, हाती होती. आणि तिचा उपयोग लढाया, व्यापार व यात्रा सोयीच्या काळात पाडण्यासाठी होत असे.

कुराणाच्या नवव्या सूऱ्यातील ३६ व ३७ या आयतांनी ही सत्ता काढून घेतली. वर्षाचे महिने बाराच, त्यांतील चार पवित्र, आणि नसी निषिद्ध, असा त्यांचा आशय. हिजरी सन १० मधील, म्हणजे इ. स. ६३२ च्या, अखेरच्या यात्रेत महंमद पैगंबरांनी त्याचा पुनरुच्चार केला असे परंपरा सांगते. तेव्हापासून इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र झाले. खगोलज्ञानाच्या अभावी अरबांना अधिकमास घालता आला नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. तो घालता येत होता म्हणूनच तर तो बंद करावा लागला.

सनाची स्थापना ही याहून निराळी, आणि काहीशी दप्तरी स्वरूपाची हकीकत आहे. पैगंबरांच्या हयातीत मदिनेतील वर्षांना आकडे नव्हते. बीरूनीने दिलेल्या यादीप्रमाणे त्या त्या वर्षातील ठळक घटनेवरून त्यांना नावे होती, जसे दहावे ते 'निरोपाचे वर्ष'. (आपल्या प्रभवादी संवत्सरांना नावे आहेत, पण ती चक्रात फिरतात; ही नावे फिरणारी नव्हती.) दुसरे खलिफा उमर यांच्या काळी राज्य इराक, सीरिया, इजिप्त असे पसरले आणि पत्रव्यवहार वाढला. बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अल्-अशअरी यांनी आपल्याकडे येणाऱ्या पत्रांवर काळाचा निर्देश नसतो अशी तक्रार केली, असे सांगतात. दुसरी हकीकत अशी की उमर यांच्यापुढे एक रोखा आला, त्याची मुदत शाबान महिन्यात भरत होती. परंतु हा शाबान कोणता, चालू की पुढला, हे कोणासच सांगता येईना. कोणत्या प्रसंगापासून वर्षे मोजावीत यावर विचार झाला. जन्म, प्रेषितत्वाचा आरंभ, निधन व मक्केहून मदिनेस झालेले स्थलांतर असे पर्याय होते. स्थलांतर, म्हणजे हिजरत, हा सार्वजनिक व निर्विवाद प्रसंग म्हणून स्वीकारला गेला. हा निर्णय बहुधा हिजरी सन १७ मधील, म्हणजे इ. स. ६३८ च्या सुमाराचा.

येथे एक बारकावा ध्यानी ठेवला पाहिजे. हिजरत प्रत्यक्षात रबिलावल महिन्यात झाली. सन मात्र त्याच वर्षाच्या मोहरमच्या १ तारखेपासून धरला गेला. ती तारीख गणिताने शुक्रवार, १६ जुलै ६२२ अशी येते. खगोलगणिती लोक गुरुवार, १५ जुलै धरतात. हे गणित सनाच्या आरंभापासूनच अधिकमास नव्हता असे समजून उलट मागे नेलेले आहे. पहिल्या दहा वर्षांत नसी चालू असेल, तर त्या वर्षांच्या तारखा प्रत्यक्षात निराळ्या पडतील. म्हणून हिजरी सन ११ च्या पूर्वीच्या तारखांचे ख्रिस्ती रूपांतर हा संकेत मानावा, सिद्ध वस्तुस्थिती मानू नये.

नवा सन व्यवहारात किती लवकर रुजला याचा सुंदर पुरावा इजिप्तमध्ये मिळाला. व्हिएन्ना येथे जतन केलेल्या एका ग्रीक-अरबी द्विभाषिक पपायरसावर जुमादा अल्-ऊला (आपल्याकडचा जमादिलावल), सन २२ अशी मिती आहे, म्हणजे इ. स. ६४३. 'हिजरी' हा शब्द तीत नाही, नुसता आकडा आहे. आणि हा कागद म्हणजे फौजेसाठी घेतलेल्या मेंढ्यांची पावती होय! धर्मग्रंथाच्या पानावर नव्हे, तर पावतीवर हा सन आपल्याला इतक्या लवकर भेटतो, हे त्याच्या जन्मकथेशी सुसंगतच आहे.

३

आता गणनेची रीत पाहू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा मध्यम काळ २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस व सुमारे पावणेनऊ तास होतात. सौर वर्षापेक्षा हे वर्ष १० दिवस २१ तासांनी लहान. त्यामुळे सौर मानाने सुमारे साडेबत्तीस वर्षांत हिजरी महिना सर्व ऋतूंची एक प्रदक्षिणा करतो, आणि शंभर सौर वर्षांत हिजरी वर्षे १०३ भरतात. स्थूल रूपांतरासाठी हिजरी आकड्याला ०.९७०२ ने गुणून त्यात ६२१.५७ मिळवावेत. ११७४ ला हे सूत्र लावल्यास १७६०.६ येतात, हिजरी सन ११७४ चा आरंभ १३ ऑगस्ट १७६० रोजी झाला होता, हे लक्षात घेता सूत्र पुरेसे विश्वसनीय आहे.

महिन्याचा आरंभ अमावास्येच्या क्षणी होत नाही. पश्चिमेस सूर्यास्तानंतर चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर होतो. कोर दिसण्यासाठी चंद्र सूर्यापासून पुरेसा दूर गेलेला असावा लागतो, सूर्यानंतर काही वेळाने तो मावळावा लागतो, आणि क्षितिज निरभ्र असावे लागते. २९ व्या दिवशी सायंकाळी कोर न दिसल्यास ३० दिवस पुरे करावयाचे, हा नियम. प्रत्यक्ष चांद्रमासाची लांबी मध्यम मानाच्या मागेपुढे होत असल्याने ३० दिवसांचे चार महिने लागोपाठ येऊ शकतात, तसेच २९ दिवसांचे तीनही. शिवाय सायंकाळ जसजशी पश्चिमेकडे सरकते तसतशी कोर वयाने मोठी होत जाते. म्हणून अरबस्तानातील तारीख पुष्कळदा हिंदुस्थानापेक्षा एका दिवसाने पुढे असते. पावसाळ्यात कोकणपट्टीवर महिनोन्महिने आभाळ भरलेले राहते, तेव्हा तेथे तीस दिवस पुरे करण्याशिवाय गत्यंतर नसते. एका दिवसाचा हा फरक चूक म्हणून टाकून देऊ नये. तो या गणनेच्या स्वभावातच आहे.

दिवसाचा आरंभ सूर्यास्ताला होतो, हेही आपल्या सूर्योदयापासूनच्या वारगणनेहून वेगळे. गुरुवारच्या रात्रीला आपल्याकडेही 'जुम्मेरात' म्हणतात ते या कारणाने. ती रात्र शुक्रवारची असते. रात्री लिहिलेल्या पत्राची हिजरी तारीख म्हणूनच एकाने पुढची असू शकते.

प्रत्यक्ष दर्शनाबरोबरच ज्योतिष्यांनी एक गणिती कोष्टकही सिद्ध केले. त्यात महिने आळीपाळीने ३० व २९ दिवसांचे असतात. तीस वर्षांच्या चक्रात अकरा वर्षी जिल्हेज महिन्याला एक दिवस जास्त मिळतो. चक्राचे एकूण १०,६३१ दिवस होतात, आणि एवढ्या साध्या रचनेने सुमारे अडीच हजार वर्षांत एकाच दिवसाची चूक होते. हे कोष्टक केवळ विद्वानांचे नाही. मुंबई व गुजरातेतील दाऊदी बोहरा समाज फातिमी परंपरेने कोष्टकावरच चालतो आणि कोर दिसण्याची वाट पाहत नाही. म्हणून त्यांची ईद बहुधा एकदोन दिवस आधी येते. इतिहासकारांच्या जंत्र्या याच कोष्टकावर रचलेल्या असतात. त्यांतील तारीख ही सरासरी तारीख होय, त्या गावी त्या रात्री दिसलेल्या चंद्राची नव्हे.

आपल्या पंचांगाशी तुलना केली की हिजरी वर्षाचे रूप अधिक उठून दिसते. महाराष्ट्रातील महिना अमान्त, म्हणजे शुद्ध प्रतिपदेस सुरू होणारा. कोर दिसते ती प्रतिपदेच्या वा द्वितीयेच्या सायंकाळी. म्हणून शुद्ध पक्षात हिजरी तारीख तिथीपेक्षा एक किंवा दोनने मागे राहते. आरंभीच्या उदाहरणांत हे दोन्ही प्रकार आले आहेत: पौष शुद्ध अष्टमीस ७, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस ११. महिन्याच्या आत दोन्ही गणना अशा हातात हात घालून चालतात. फारकत होते ती वर्षात. आपल्याकडे १९ वर्षांत ७ अधिकमास घालून चंद्राला सूर्याच्या पंक्तीस बसविले जाते, तेथे तसे काही नाही.

याचे चांगले प्रात्यक्षिक अलीकडेच पाहावयास मिळाले. बकरी ईद जिल्हेजच्या १० तारखेस, म्हणजे शुद्ध एकादशीच्या आसपासच यावयाची. २०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला व बकरी ईद २१ जुलैला आली; २०२२ साली दोन्ही १० जुलैला, २०२३ साली दोन्ही २९ जूनला. ओळीने तीन वर्षे पंढरीची वारी आणि ईद एकत्र आल्यामुळे पुष्कळांना तो दुर्मिळ योग वाटला. तो योग नव्हता, हिशेब होता. अधिकमास मध्ये येत नव्हता तोवर आषाढ आणि जिल्हेज बरोबर चालले. १८ जुलै २०२३ रोजी अधिक श्रावण सुरू झाला, आणि पुढल्या वर्षी ईद १७ जूनला तर आषाढी एकादशी १७ जुलैला आली. एका अधिकमासाने बरोबर एका महिन्याचे अंतर पाडले.

४

उपासनेला असे फिरते वर्ष चालते. किंबहुना त्यात एक न्याय आहे. उपवासाचा महिना कायम उन्हाळ्यातच आला असता तर उष्ण देशातील माणसाने जन्मभर कष्ट सोसावेत आणि थंड देशातील माणसाने सुखाने सुटावे, असे झाले असते. परंतु सारा पिकावर असतो आणि पीक सूर्यावर. रयतेकडून वसूल सौर वर्षाने यावा आणि शिपायांचे पगार चांद्र वर्षाने द्यावेत, असे झाल्यास दर बत्तीस-तेहतीस वर्षांत एक पगारी वर्ष असे निघते की ज्याच्यामागे पीकच नसते. सारा चांद्र वर्षाने मागितल्यास हाच भार शेतकऱ्यावर पडतो.

ही अडचण बगदादच्या खलिफांनाही चुकली नाही. तेथे खराजाचे वर्ष निराळे धरून अधूनमधून त्याचा एक आकडा गाळीत, म्हणजे ते हिजरी आकड्याशी जुळे. खलिफा मुअतजिद यांनी इ. स. ८९५ मध्ये सारावसुलीचा नवरोज ११ जूनवर आणला, तो पिके तयार झाल्यावर वसूल व्हावा म्हणून. उस्मानी तुर्कांच्या जमाखर्चात तर अशा गाळलेल्या वर्षाला 'निसटलेले वर्ष' अशा अर्थाचे नावच होते, आणि त्या वर्षी तिजोरीत खडखडाट होई.

दक्षिणेत यावर जो उपाय झाला तो शुहूर सन. 'शहर' म्हणजे महिना, त्याचे अरबी अनेकवचन 'शुहूर'. मराठीत 'सुहूर' असेही लिहितात. या सनाचा आरंभ सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून, म्हणून त्याला 'मृगसाल' हेही नाव आहे. शुहूर आणि हिजरी आकडे एकमेकांशी कोठे जुळतात हे मागे जाऊन पाहिले, तर ते ७४५ या वर्षी जुळतात. हिजरी सन ७४५ चा मोहरम १५ मे १३४४ रोजी सुरू झाला होता, आणि त्या काळी मृगप्रवेशही मे महिन्यातच, त्यानंतर काही दिवसांनी होत असे. या गणितावरून महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत हा सन दक्षिणेत प्रचारात आला असे सर्वसाधारणपणे मानतात. त्या घडीला हिजरी सनाचा आकडा तसाच उचलला, त्याला सौर वर्षाची गती दिली, आणि पुढे तो आपल्या वाटेने गेला. शुहूर आकड्यात ५९९ मिळविले की मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा इसवी सन मिळतो. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत.

यावरून आरंभीचे कोडे सुटते. १३४४ पासून १७६१ पर्यंत ४१७ सौर वर्षे झाली. तेवढ्यात हिजरी आकडा तेराने पुढे गेला. पानिपतच्या वेळी हिजरी ११७४ होते तेव्हा शुहूर ११६१ चालू होते. शुहूर सनाने ११७४ गाठले ते १७७३ च्या मृगाला, आणि तोवर हिजरी ११८७ झाले होते.

उत्तरेत अकबराच्या काळी हीच युक्ती फसली सनाच्या रूपाने पुन्हा करण्यात आली. फसल म्हणजे पीक. दक्षिणेतील फसली शाहजहानच्या काळी, हिजरी १०४६ म्हणजे इ. स. १६३६ च्या आकड्यावरून सुरू झाला, म्हणून तो शुहूर सनाच्या नऊने पुढे असतो. बंगाली सनाचा आकडाही हिजरी ९६३ (इ. स. १५५६) या वर्षाशी जुळतो, म्हणून पुष्कळ अभ्यासक तो अकबरी व्यवस्थेतून आला असे मानतात. या सनाच्या उगमाविषयी इतर मतेही आहेत. अकबराचा स्वतःचा 'इलाही' सन मात्र याहून धाडसी. १५८४ मध्ये फतहउल्ला शिराजी या विद्वानाने तो सिद्ध केला. त्यात आकडाही नवा, वर्षही सौर आणि महिन्यांची नावेही इराणी. हा शिराजी पूर्वी विजापूरच्या आदिलशाही दरबारी होता. दक्षिणेतील शुहूर सनाचा व्यवहार त्याच्या नजरेखालून गेला असणे स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावरून त्याने तो उचलला असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. इलाही सन अकबर-जहांगीरांबरोबर मावळला. फसली टिकला. जो सन पाटील-कुलकर्ण्यांच्या वहीत शिरतो तो राजाज्ञेवाचूनही जगतो.

५

मराठी कागदातील मिती आता वाचता येईल. 'छ ११ जमादिलाखर, सु॥ अर्बा सबैन मया व अलफ' अशा स्वरूपाची ती असते. 'छ' हे चंद्राच्या तारखेचे चिन्ह. त्यापुढील दिवस व महिना हिजरी, निव्वळ चांद्र. 'सु॥' पुढील वर्ष मात्र शुहूर, सौर. वर्षाचा आकडा अरबी संख्याशब्दांत लिहितात: अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११७४. एकक आधी आणि दशक नंतर हा क्रम मराठी माणसाला परका वाटला नसावा, कारण 'चौऱ्याहत्तर' म्हणताना आपणही तेच करतो. महिन्यांची नावेही मराठी जिभेने आपलीशी केली: रबी अल्-अव्वलचे रबिलावल, शव्वालचे सवाल, जुल्-हिज्जाचे जिल्हेज.

या मितीत तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण आपण पाहिलेच, शुहूर आकडा हिजरी समजणे. दुसरे असे की कारकून पुष्कळदा शतक-सहस्र गाळून नुसते 'अर्बा सबैन' लिहितात. ते १०७४ असेल तर १६७३-७४, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या आदले वर्ष; ११७४ असेल तर पेशवाई. बहुतेक वेळा अक्षरवळण व नावे यांवरून हे सहज ठरते.

तिसरे ठिकाण सर्वांत कपटी आहे आणि त्याची चर्चा मानाने कमी होते. शुहूर वर्ष ३६५ दिवसांचे आणि त्यातले महिने ३५४ दिवसांत संपणारे. म्हणून प्रत्येक शुहूर वर्षात दहा-अकरा तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि पुन्हा अखेरीस. मधल्या मोहरमला हिजरी आकडा बदलतो, पण शुहूर आकडा बदलत नाही, म्हणून कागदावर त्याची खूण राहत नाही. अर्बा सबैन याच वर्षाचे उदाहरण घेऊ. 'छ २० रबिलावल' कोष्टकाने ११ जून १७७३ रोजी आला, आणि त्याच शुहूर वर्षात पुन्हा ३१ मे १७७४ रोजी. पहिल्या दिवशी नारायणराव पेशवे हयात व गादीवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वधाला नऊ महिने होऊन गेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १८ एप्रिल १७७४ रोजी, जन्मलेल्या सवाई माधवरावांना २८ मे रोजी पेशवाईची वस्त्रे मिळून तीन दिवस झाले होते. एकाच मितीचे दोन कागद, आणि मध्ये एक संपूर्ण राज्यक्रांती! असे पत्र जंत्रीत पाहून पहिल्या सापडलेल्या तारखेला टाकून दिले, तर बारभाईंच्या काळातील मजकूर नारायणरावांच्या तोंडी घातला जाईल. उमर यांच्यापुढे आलेल्या रोख्यातील 'कोणता शाबान' हाच हा प्रश्न आहे. त्यांनी सन घालून तो सोडविला, आणि दक्षिणेत सन व महिना यांची फारकत होताच तो परत आला.

यावर उपाय वाराचा. मजकुरात वार असेल तर दोन्ही पर्यायांचे वार काढून पाहावेत. एका दिवसाची तफावत चंद्रदर्शनाची म्हणून सोडून द्यावी, त्याहून अधिक असेल तर पर्याय संशयास्पद समजावा. वर दिलेल्या उदाहरणात ११ जून १७७३ ला शुक्रवार आणि ३१ मे १७७४ ला मंगळवार येतो, तेव्हा निवाडा सोपा आहे. वार नसेल तर शक-तिथी, पत्रातील व्यक्ती, नदीला आलेला पूर वा पेरणीचा उल्लेख, यांवर विसंबावे लागते. मोडकांची जंत्री, ग. स. खरे यांची शिवकालीन शकावली, आणि सेवेल व शं. बा. दीक्षित यांचा १८९६ मधील पंचांगविषयक इंग्रजी ग्रंथ ही साधने या कामी पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली आहेत; परंतु कोष्टक तारीख सांगते, निवड सांगत नाही.

६

साहित्येतिहासाच्या बाबतीत आकड्याची हाताळणी अधिक ढिली आढळते. वजहीच्या 'सबरस' या दखनी गद्यग्रंथाचे वर्ष हिजरी १०४५. इतिहासग्रंथांतून ते सरसकट १६३५ असे दिलेले असते. हिजरी १०४५ हे १७ जून १६३५ पासून १६३६ च्या जूनपर्यंत चालले. महिना माहीत नसताना १६३५-३६ असेच लिहावयास हवे. जोडवर्ष लिहिण्याची ही सवय शकाच्या बाबतीत आपल्याला आहे, हिजरीच्या बाबतीत नाही.

जायसीच्या 'पद्मावत'चे उदाहरण अधिक गहन आहे. ग्रंथारंभीच्या वर्षाचे हस्तलिखितांत ९२७ आणि ९४७ असे दोन पाठ आढळतात. हिजरी ९२७ हे इ. स. १५२० च्या डिसेंबरात सुरू होते, ९४७ हे ८ मे १५४० ला. काव्यात शेरशाहाची राजा म्हणून स्तुती आहे, आणि शेरशाहाने हुमायूनला हरवून दिल्लीचे राज्य मिळविले ते १५४० मध्ये. त्यामुळे ९४७ च्या बाजूने कौल पडतो. ९२७ राखणाऱ्यांना ग्रंथ तेव्हा सुरू झाला आणि स्तुती मागाहून घातली असे म्हणावे लागते. येथे वीस हिजरी वर्षे म्हणजे वीस सौर वर्षे नव्हेत, साडेएकोणीसच. वाद लहान असला तरी कवीचे वय मोजताना हा फरक धरावा लागतो. आणि हे वर्ष अवधी काव्यात हिजरी म्हणूनच घ्यावयाचे, फसली म्हणून नव्हे, याला कारण साधे आहे: उत्तरेतील फसली सन त्या वेळी अजून जन्माला आलेला नव्हता. अकबरोत्तर काळातील पूर्वेकडील हस्तलिखितांच्या पुष्पिकांत नुसता 'सन' असा शब्द आला, म्हणजे मात्र हिजरी, फसली, बंगाली आणि ओडिशातील अमली हे चारही पर्याय एकदम उभे राहतात, आणि तेथे पुष्पिकेतील महिन्याचे नाव प्रथम पाहावे. महिना वैशाख-ज्येष्ठ असेल तर तो सन हिजरी नसण्याचाच संभव अधिक. मोहरम-सफर असेल तर वर्ष हिजरी असेलच असे नाही, हे मराठी दप्तराने दाखवून दिले आहे.